एका गटावर दोन नावं

(छत्रपती संभाजीनगर येथे कार्यकर्ते व हितचिंतकांच्या त्रैमासिक सभेत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला आज बोलायला सांगितलं तेव्हा विषय दिला होता ‘पाड्यावरील कामाचा अहवाल’. अहवाल छापील आहे, तो आपल्या हाती आहेच. मी आज कार्यालयातल्या संगणकाबद्दल बोलणार आहे. काही जण हसताहेत, ते बरोबरच आहे. माझं शिक्षण ईश्वरविज्ञानाच्या पदविकेचं. संगणकाशी माझा संबंध पत्र टंकायचं आणि छापायचं एवढाच होता. पण आपल्यापैकी कितीतरी मंडळ्यांनी, घरांनी जुने संगणक आम्हांला दिले आहेत. त्यातल्या एकाचं काय झालं, हे तुम्हांला सांगणं माझं कर्तव्य आहे. आणि त्यात माझी एक चूक आहे, तीही सांगायची आहे.

आधी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी आमचा एक संगणक अडला. पडद्यावर लाल अक्षरं आली, पुढे काही हलेना. मी घाईत होते. शहरातल्या एका दुकानात नेला. ‘मॅडम, फॉरमॅट मारून नवीन टाकून देतो, संध्याकाळी न्या,’ असं सांगितलं गेलं. मी हो म्हटलं. संध्याकाळी संगणक लख्ख झाला होता. आणि कन्नड तालुक्यातल्या दोन पाड्यांचं आम्ही घरोघर फिरून केलेलं सर्वेक्षण, नावं, वयं, शाळेत जाणारी मुलं, कुणाकडे कोणता कागद आहे, हे सगळं गेलं. दुकानाचा दोष नाही. त्यांनी विचारलं होतं, ‘डेटा पाहिजे का?’ मला वाटलं, डेटा म्हणजे गाणी-चित्रं. ते काम पुन्हा करायला गेलो तेव्हा एक भिल्ल आजी म्हणाल्या, ‘बाई, मागच्या वेळी सांगितलं ते कुठं गेलं?’ त्या दिवशी त्यांनी खुरपणीची मजुरी बुडवून आमच्यासमोर बसायचं, आणि ते दुसऱ्यांदा. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी फक्त माफी मागितली.

आता 2025च्या जूनमधली गोष्ट.

आमच्या कार्यालयात बहुतेक संगणकांवर उबुंटू नावाची कार्यप्रणाली आहे. ती मोफत मिळते, जुन्या यंत्रावर बऱ्यापैकी चालते, म्हणून. ‘उबुंटू’ हा शब्द दक्षिण आफ्रिकेतल्या लोकांचा. माणूस माणसामुळे माणूस होतो, असा त्याचा भाव. आर्चबिशप डेझमंड टुटू हा शब्द वारंवार वापरत. ऑक्टोबर 2004 मध्ये या प्रणालीची पहिली आवृत्ती आली. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये तिची एक दीर्घ मुदतीची आवृत्ती येते आणि तिला पाच वर्षं सुरक्षेची डागडुजी मिळते. आमच्याकडे होती ती 2020ची. तिची नेहमीची मुदत मे 2025 मध्ये संपली. संगणकच सांगू लागला, ‘पुढच्या आवृत्तीवर चला.’ एक गोष्ट लक्षात घ्या, इथे मधली पायरी गाळता येत नाही. 2020वरून आधी 2022च्या आवृत्तीवर, मग 2024च्या.

तो आठवडा कसा होता तेही सांगते. बारावी झालेल्या एका मुलीला नर्सिंगला प्रवेश घ्यायचा होता. राखीव जागेसाठी जमातीच्या दाखल्याची वैधता लागते. अनुसूचित जमातीचं असेल तर 6 सप्टेंबर 1950 या तारखेला घराणं कुठं राहत होतं, तिथपर्यंत मागे जावं लागतं. पणजोबांपासून वंशावळ, कुणाच्या शाळेच्या दाखल्यावर काय नोंद, कुणाच्या नावापुढे काय लिहिलं. ज्या घरात पहिल्यांदाच कुणी शाळेत गेलंय, त्या घराची वंशावळ लिहिणं म्हणजे चार गावच्या म्हाताऱ्यांना भेटून लिहिणं. ती वंशावळ आमच्या कार्यकर्त्यांनी दोन वर्षांत जमवली होती आणि ती त्या एका संगणकात होती. सोमवारी ती छापून, सही-शपथेनं, अर्जाला जोडायची होती.

आणि शुक्रवारी दुपारी मी ‘अपग्रेड’वर बोट ठेवलं. का, ते आजही मला नीट सांगता येत नाही. ती सूचना रोज येत होती आणि तिचा कंटाळा आला होता, एवढंच. यंत्राला बॅटरी नव्हती. चार वाजता वारं सुटलं, पावसाची पहिली सर आली आणि वीज गेली. वीज आली तेव्हा संगणक चालू झाला, पण पडदा काळाच राहिला.

माझ्या तोंडून निघालं, ‘दुकानात नेऊ या.’ आमच्याकडे नोंदीचं काम करणारी एक मुलगी आहे, भिल्ल समाजाचीच, आमच्याच वसतिगृहात शिकलेली. ती म्हणाली, ‘ताई, थांबा. मागच्या वेळी नेला होता ना?’ बस, एवढंच म्हणाली. मी खाली बसले.

पुढे शुक्रवारची रात्र आणि शनिवार आम्ही दोघींनी काय केलं, ते क्रमानं सांगते; कारण क्रमच महत्त्वाचा आहे. पण त्याआधी पॅकेज म्हणजे काय ते समजून घ्यावं लागेल. मला ते तिनं समजावलं आणि मी माझ्या भाषेत लावून घेतलं.

आपण सगळे शेतीवाडीशी संबंधित आहोत. सातबारा आपल्याला ठाऊक आहे. गावातल्या प्रत्येक जमिनीला गट नंबर असतो आणि तलाठ्याच्या दप्तरात त्यावर कुणाचं नाव लागलंय ते लिहिलेलं असतं. संगणकातही असंच आहे. लिहिण्याचा कार्यक्रम, छपाईचा कार्यक्रम, मराठी कळफलक, हे सगळं ‘पॅकेज’ नावाच्या गाठोड्यांतून येतं. गाठोड्यात फाइली असतात आणि सोबत एक चिठ्ठी असते: मला चालायला आणखी कोणती गाठोडी लागतात, त्यांची कोणती आवृत्ती लागते आणि कोणाशी माझं पटत नाही. उबुंटू ज्या डेबियन नावाच्या प्रकल्पावर उभी आहे, तो इयन मर्डॉक नावाच्या विद्यार्थ्यानं 1993 मध्ये सुरू केला. डेबियनचा तलाठी म्हणजे ‘डीपीकेजी’. कोणती फाइल कोणत्या गाठोड्याच्या नावावर आहे, याचं दप्तर तो ठेवतो. आणि त्याच्या वरचा अधिकारी म्हणजे ‘एपीटी’. तो भांडारातून गाठोडी मागवतो, चिठ्ठ्या वाचतो, हिशेब जुळवतो आणि मग तलाठ्याला हुकूम देतो.

तलाठी एका गटावर दोन स्वतंत्र मालक लावत नाही. दुसरं गाठोडं त्याच फाइलीवर हक्क सांगू लागलं, तर तो फेरफार नाकारतो आणि काम तिथेच थांबवतो. आपल्याला वाटतं संगणक बिघडला. खरं तर दप्तर राखणारा आपलं काम चोख करत असतो. ज्यांनी जुन्या विंडोजवर काम केलंय त्यांना आठवत असेल, 1990च्या दशकात एक कार्यक्रम टाकला की दुसरा बंद पडायचा. कारण सगळ्यांच्या सामाईक फाइलीवर नवा आलेला स्वतःची फाइल बेधडक टाकायचा, विचारणारं कुणी नव्हतं. भांडण दिसतं ते बरं. न दिसता झालेलं अतिक्रमण जास्त वाईट.

आता क्रम.

पहिलं काम, माल बाहेर काढणं. घराला आग लागली की आधी माणसं बाहेर काढतात, कारण नंतर शोधतात. आमच्याकडे उबुंटूचा एक पेन ड्राइव्ह होता. त्यावरून संगणक चालू केला, ‘फक्त वापरून पाहा’ असा पर्याय निवडला. त्यात आतल्या डिस्कवर काही लिहिलं जात नाही, पण आतली कपाटं उघडता येतात. वापरकर्त्याच्या घर-फोल्डरमधलं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं.

उतरवताना मी वंशावळीची फाइल उघडून पाहिली आणि माझ्या पोटात गोळा आला. पडद्यावर मराठी नव्हतंच. रोमन अक्षरं, कंस, टक्क्यांच्या खुणा, नुसता कचरा. मी म्हटलं, ‘गेलं सगळं, पोरी.’ ती हसली. म्हणाली, ‘ताई, काही गेलं नाही. फॉन्ट नाही इथं.’

हे नीट ऐका, कारण आपल्या कितीतरी मंडळ्यांच्या जुन्या नोंदी अशाच आहेत. युनिकोडमध्ये देवनागरीला 1991 पासून स्वतःची जागा आहे. ‘क’ म्हणजे ‘क’च, कोणत्याही यंत्रावर. पण आपण मराठी टंकायला शिकलो ते त्याआधीच्या पद्धतीनं. तिथे यंत्राच्या लेखी आपण रोमन अक्षरंच टंकत असतो. फॉन्ट फक्त त्या रोमन अक्षरांवर मराठी चित्रं चढवतो. फॉन्ट आहे तोवर मराठी, फॉन्ट नसला की कचरा. पेन ड्राइव्हवरच्या प्रणालीत तो जुना फॉन्ट नव्हता. आमचा फॉन्ट त्या घर-फोल्डरमध्येच पडून होता. तो शोधून टाकला आणि पणजोबांचं नाव पडद्यावर उमटलं. मी डोळे पुसले, हे सांगायला मला लाज नाही.

आणि हाही धडा: पॅकेजचा तलाठी वापरकर्त्याच्या घर-फोल्डरला हात लावत नाही. पॅकेज काढलं, घातलं, बदललं, तरी तुमची पत्रं, तुमच्या याद्या तिथेच राहतात. ती जातात फॉरमॅट केल्यावर. मागच्या वेळी मी नेमकं तेच होऊ दिलं होतं.

दुसरं काम, अर्धवट राहिलेलं पुरं करणं. वीज गेली तेव्हा काही गाठोडी उघडली गेली होती, पण मांडली गेली नव्हती. घर बदलताना निम्मं सामान ओट्यावर राहावं तसं. संगणक चालू होताना दुरुस्तीची एक यादी मिळते, ‘रिकव्हरी’. तिच्यात ‘मोडकी पॅकेजेस दुरुस्त करा’ असा एक पर्याय आहे. तो घेतला. आत तलाठ्याला एवढाच हुकूम जातो की जे उघडलंय ते आधी मांडून पूर्ण कर. बरीच गाठोडी मांडून झाली. मध्ये त्यानं एकदा विचारलं, ‘या मांडणीत तुम्ही स्वतः बदल केलेला दिसतो, तुमचं ठेवू की नवं घेऊ?’ अशा वेळी कळत नसेल तर आपलं जुनं ठेवावं. तसंही तो विचारल्याशिवाय पुसत नाही. पण तीन ठिकाणी तो अडलाच.

तिसरं काम, भांडणं मोजणं. इथेच मी सगळ्यांत जास्त शिकले. माझा स्वभाव असा की अडलं की जोर लावायचा. संगणकातही ‘जबरदस्ती’ नावाचा हुकूम आहे. तो दिला की तलाठी एका गटावर दुसऱ्याचं नाव चढवतो आणि गप्प बसतो. भांडण मिटत नाही, फक्त पुढच्या अपग्रेडपर्यंत झाकलं जातं. तिनं तो हुकूम मला देऊ दिला नाही. आधी कागद घेतला आणि तीन याद्या केल्या. कोणती गाठोडी अर्धवट आहेत? कोणावर कुणी स्थगिती घातली आहे, म्हणजे ‘याला बदलू नका’ असं सांगून ठेवलंय? आणि कोणती गाठोडी आता कोणत्याही भांडारात नाहीत, म्हणजे गावात राहतात पण गावच्या नोंदीत नाहीत?

एपीटी अशा वेळी एक वाक्य बोलतो, ‘तुम्ही मोडकी पॅकेजेस रोखून धरली आहेत.’ ते वाचून आपण स्वतःलाच दोष देतो, की मी काय रोखलं? पुष्कळदा आपण काहीच रोखलेलं नसतं. त्याचा अर्थ एवढाच की दिलेल्या अटींमध्ये मला हिशेब जुळवता येत नाही. म्हणून ते वाक्य सोडून त्याच्या वरच्या ओळी वाचायच्या. कोणाला काय हवंय आणि काय मिळत नाही, ते तिथे लिहिलेलं असतं.

आमचं पहिलं भांडण दोन भावांचं निघालं. लिहिण्याचे दोन कार्यक्रम आहेत, ओपनऑफिस आणि लिब्रेऑफिस. दोघं एकाच घरचे. मूळ जर्मनीतलं स्टारऑफिस. सन कंपनीनं ते 1999 मध्ये विकत घेतलं आणि त्यातून मोफत ओपनऑफिस आलं. 2010 मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये काम करणाऱ्यांतले बरेच जण वेगळे झाले. त्यांनी लिब्रेऑफिस काढलं. ओपनऑफिस पुढच्या वर्षी अपाची संस्थेकडे सोपवलं गेलं. पण घरातून निघताना दोघांनीही आडनाव तेच ठेवलं. कार्यक्रम चालू करणारी जी फाइल, तिचं नाव दोघांकडेही ‘एसऑफिस’, स्टारऑफिसच्या काळचं. जागाही तीच. म्हणून ओपनऑफिसचं मेन्यू लावणारं गाठोडं आणि लिब्रेऑफिसचं सामाईक गाठोडं एका यंत्रावर एकत्र नांदत नाहीत. आमच्या एका हितचिंतकानं प्रेमानं ओपनऑफिस घालून दिलं होतं, लिब्रेऑफिस काढून. अपग्रेडनं रिवाजाप्रमाणे लिब्रेऑफिस परत आणलं. झालं, एका गटावर दोन नावं.

अब्राम आणि लोट यांच्या गुराख्यांची भांडणं लागली तेव्हा अब्रामानं काय केलं, ते आपण जाणतो. एकाला एकीकडे, दुसऱ्याला दुसरीकडे. आम्ही ठरवलं, जो भांडारातून नियमित येतो, ज्याची डागडुजी आपोआप मिळते, तो राहील. ओपनऑफिसची सगळी गाठोडी काढली आणि मग लिब्रेऑफिसचं अर्धवट काम पूर्ण झालं. माझी भीती होती की ओपनऑफिसमध्ये लिहिलेली पत्रं आता उघडणार नाहीत. तसं होत नाही. दोघं कागद एकाच नमुन्यात ठेवतात, आणि 2006 पासून तो नमुना आंतरराष्ट्रीय मानक आहे. भाऊ वेगळे झाले, लिपी एकच राहिली.

दुसरं भांडण परगावच्या पाहुण्याचं. आमचा स्कॅनर चालत नव्हता म्हणून कुणीतरी एक बाहेरचं भांडार जोडलं होतं. कुणी एक व्यक्ती स्वतःच्या हिमतीवर चालवते अशी भांडारं असतात, त्यांना पीपीए म्हणतात. तिथली गाठोडी नवी असतात, कधी कधी उपयोगीही. पण अपग्रेडच्या वेळी प्रणाली अशी सगळी बाहेरची भांडारं बंद करते. भांडार बंद होतं, तिथून आलेली गाठोडी मात्र घरातच राहतात. आणि त्यांचा आवृत्ती-क्रमांक अधिकृत गाठोड्यापेक्षा मोठा असला, तर एपीटी अधिकृत गाठोडं घेत नाही. मोठ्या क्रमांकाला तो नवं समजतो. मग बाकीची गाठोडी म्हणतात, आम्हांला नेमकं अधिकृतच हवं. इथे उपाय उलटा आहे. नव्याकडून जुन्याकडे यायचं. त्यासाठी ‘पीपीए-पर्ज’ नावाचं साधन आहे. ते आधी ते भांडार बंद करतं आणि मग तिथून आलेलं एकेक गाठोडं अधिकृत आवृत्तीवर परत आणतं. आणि गंमत बघा, आमचा स्कॅनर नव्या आवृत्तीत कुणाच्याही मदतीशिवाय चालू झाला. ज्या कारणासाठी पाहुणा बोलावला होता, ते कारणच उरलं नव्हतं.

तिसरं भांडण म्हातारपणाचं. प्रिंटरसाठी आम्ही कधीतरी एक कार्यक्रम बाहेरून उतरवून घातला होता. तो ‘ओपनएसएसएल’ नावाच्या लायब्ररीच्या जुन्या, 1.1 आवृत्तीवर उभा होता. कुलूपकिल्लीचं काम करणारी ही लायब्ररी. 2022च्या उबुंटूनं ती जुनी आवृत्ती भांडारातून काढली आणि तिसरी आणली. सप्टेंबर 2023 मध्ये तर जुनीची मोफत डागडुजीच मूळ प्रकल्पानं थांबवली. लोक सल्ला देतात, जुन्या भांडारातून जुनी लायब्ररी उचलून आणा आणि घाला. चालतं ते. पण ज्या कुलपाची किल्ली उद्या चोराला सापडली तर बदलून देणारं कुणी नाही, असं कुलूप आपण लोकांच्या आधार क्रमांकांच्या आणि दाखल्यांच्या कपाटाला लावायचं का? आम्ही नाही म्हटलं. तो कार्यक्रम काढला. प्रिंटर प्रणालीच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर चालतो आहे. शाई किती उरली ते सांगणारी खिडकी मात्र गेली. आता कागदावर अक्षर फिकं झालं की कळतं.

चौथं काम, केरवारा. भांडणं मिटल्यावर खूप गाठोडी निराधार राहतात; ज्यांच्यासाठी आली होती ते निघून गेले. ‘ऑटोरिमूव्ह’ म्हटलं की ती एकदम काढता येतात. पण कोणताही काढण्याचा हुकूम देताना आधी ‘नाटक करून दाखव’ असं सांगता येतं. मग तो प्रत्यक्ष काही करत नाही, काय करणार तेवढं वाचून दाखवतो. ती यादी पूर्ण वाचायची. नोव्हेंबर 2021 मध्ये कॅनडातले एक प्रसिद्ध यूट्यूबर एक खेळ घालायला गेले. एपीटीनं बजावलं की असं केलंत तर सगळा पडदाच जाईल. त्यांनी ‘हो, मी सांगतो तसंच कर’ असं टंकलं आणि लाखो प्रेक्षकांसमोर त्यांचा सगळा डेस्कटॉप गेला. जाणता माणूस, पण यादी वाचली नाही. आमच्या यादीत मराठी कळफलकाचं एक गाठोडं होतं! ते आम्ही ‘हे मला हवंय’ अशी खूण करून राखलं आणि मगच होकार दिला. त्यानंतर, काढून टाकलेल्या पण मागे मांडणीच्या चिठ्ठ्या ठेवून गेलेल्या गाठोड्यांची झाडलोट केली. दप्तरात त्यांच्यापुढे ‘आर-सी’ अशी दोन अक्षरं असतात, तेवढ्यावरून ती ओळखू येतात.

कळफलकाचीही एक कथा झाली. सगळं चालू झालं, पण मराठी टंकता येईना. कळफलक सांभाळणाऱ्या दोन व्यवस्था होत्या, आयबस आणि एफसीआयटीएक्स. दप्तरात दोघींचं भांडण नव्हतं, दोघी गुण्यागोविंदानं नोंदल्या होत्या. पण दार एक आणि दारवान दोन. एकीला निवडलं, बाहेर पडून पुन्हा आत आलो आणि ‘दऱ्या’मधला ऱ्या बरोबर उमटला. शनिवारी रात्री आठ वाजता.

रविवारी उपासना झाल्यावर आम्ही ती वंशावळ युनिकोडमध्ये नव्यानं टंकली, एकेक नाव जुन्या कागदाशी ताडून. सोमवारी सकाळी मुलीचे वडील पहाटेच्या एसटीनं कन्नडहून आले. छापलेला कागद त्यांनी हातात घेतला. वाचता येत नाही त्यांना. म्हणाले, ‘बाई, माझ्या आज्याचं नाव कुठं आहे ते दाखवा.’ मी बोट ठेवलं. त्यांनी त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. अर्ज वेळेत दाखल झाला. पुढचं काम पुढच्या लोकांचं, ते सुरू आहे.

आता तुमच्याकडे काही मागायचं आहे. पैसे नाहीत, घाबरू नका.

विंडोज 10ची मोफत डागडुजी 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली. त्यामुळे आपल्या घरांतून, मंडळ्यांच्या कार्यालयांतून पुष्कळ यंत्रं बाहेर पडणार आहेत आणि काही आमच्याकडे येतील. आनंदानं द्या. पण देताना यंत्राबरोबर एक कागद द्या: यात बाहेरून काय घातलंय, कुठून घातलंय, कशासाठी घातलंय. आमच्या तिन्ही भांडणांचं मूळ हेच होतं. कुणीतरी प्रेमानं काहीतरी घातलं आणि लिहून ठेवलं नाही. वाईट हेतू कुणाचाच नव्हता.

ज्यांच्या मंडळीत बाप्तिस्म्याची, विवाहाची, कबरस्तानाची नोंदवही संगणकात आहे, त्यांनी घरी गेल्यावर दोन गोष्टी पाहा. ती नोंद जुन्या फॉन्टमध्ये आहे का? असेल तर युनिकोडमध्ये आणा, आणि तोवर फॉन्टची फाइल नोंदीच्या शेजारीच जपून ठेवा. आणि दुसरी प्रत कुठे आहे? त्याच खोलीत असेल तर ती प्रत नव्हे.

अपग्रेड करायचं तर जरूर करा, टाळू नका. मुदत संपलेली प्रणाली म्हणजे पत्रे उडालेलं घर. पण आधी प्रत घ्या, बाहेरची भांडारं काढा, विजेची सोय पाहा, आणि सोमवारी काही द्यायचं असेल तर शुक्रवारी करू नका. हे शेवटचं मी स्वतःसाठी म्हणते आहे.

आमच्या कार्यालयात आता भिंतीवर एक वही टांगली आहे. कोणत्या संगणकात कोणत्या दिवशी काय घातलं, काय काढलं, कुणी, का. ती वही त्या मुलीच्या ताब्यात आहे. मलासुद्धा काही घालायचं असेल तर तिला विचारून, वहीत लिहून. परवा मी न विचारता एक फॉन्ट टाकला, तर तिनं वही माझ्यासमोर आणून ठेवली आणि पेनही दिलं. मी मुकाट्यानं लिहिलं.

ज्या आजींनी मला विचारलं होतं, ‘मागच्या वेळी सांगितलं ते कुठं गेलं?’ त्यांच्या पाड्यावर मी गेल्या महिन्यात गेले होते. या वेळी त्यांच्या घराची नोंद छापून नेली होती. एक प्रत त्यांच्या पेटीत ठेवली. म्हटलं, ‘आजी, आता माझ्याकडचं गेलं तरी तुमच्याकडे राहील.’ त्या म्हणाल्या, ‘हे आधी नाही सुचलं?’

नाही सुचलं. म्हणून आज तुम्हांला सांगितलं. प्रभू आपणां सर्वांचं कल्याण करो. सलाम.